नाव घे गो, कस्तुरी

जनसुनावणीच्या दालनात रडायला बंदी नव्हती. साक्षीदारासाठी काचेची पेटी होती. तिच्यात उभं राहून हवं तितकं रडावं. बाहेर मात्र ते समस्वरातून ऐकू येई. समस्वर म्हणजे भिंतीवरचा एक पांढरा डबा. बोलणाऱ्याच्या आवाजातला कंप, चढउतार, हुंदके तो गाळून टाकी आणि उरलेले शब्द सपाट करून ऐकवी. समितीवर भावनेचा दाब पडू नये, न्याय थंड डोक्याने व्हावा, हा त्यामागचा विचार. थंड डोक्याचा फायदा नेहमी कुणाला होतो, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

कस्तुरी भगत पेटीत उभी होती. तिचा नवरा प्रथमेश रसायनांच्या कारखान्यात टाक्या धुवायचा. महिन्यापूर्वी तो एका टाकीत उतरला आणि आतल्या वायूने गुदमरून गेला. कारखान्याचं म्हणणं, तो कुणालाही न विचारता उतरला. समितीने ते मानलं की प्रकरण संपलं; सोमवारी तीच टाकी पुन्हा धुवायला निघणार होती. सोमवारी जे उतरणार होते, त्यांच्या बायका मागच्या बाकांवर बसल्या होत्या.

"त्यांना उतरवलं हो! मारलं माझ्या माणसाला!" कस्तुरी घसा फाडून ओरडली.

"त्यांना उतरवलं. मारलं माझ्या माणसाला," डबा म्हणाला. पुढची गाडी फलाट चारवर लागेल, अशा सुरात.

अध्यक्षा वैशाली कर्णिक यांनी मान डोलावली आणि चहाचा घोट घेतला. तो घोट कस्तुरीला काचेतून दिसला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आवाज काढून घेतलात ना? शब्द तर ठेवलेत!

आणि शब्दांत तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. निम्म्या नववधूंनी घेतलेले उखाणे कस्तुरीनेच जुळवलेले. लग्न असो, हळदीकुंकू असो, बायका तिच्या दारात येत, नवऱ्याचं नाव सांगत आणि यमक घेऊन जात. विधवेला मात्र उखाणा घ्यायला कुणी सांगत नाही. प्रथमेश गेल्यापासून तिला कुणी "नाव घे" म्हटलं नव्हतं. आज तिने कुणाच्या सांगण्याची वाट पाहिली नाही.

"डब्यात दिली होती भेंडीची भाजी,
प्रथमेशरावांना उतरवताना कुणी विचारली मर्जी?"

समस्वराने हेही सपाट केलं. पण भाजीवर मर्जी येऊन बसली ती बसलीच. यमक आवाजात नव्हतं, शब्दांत होतं. कर्णिकबाईंचा कप ओठांपाशी थांबला.

कारखान्याचे वकील उठले. "हरकत आहे. ही साक्ष नाही, कविता आहे."

"नियम आवाजाबद्दल आहे, वकीलसाहेब. कवितेबद्दल नाही," कर्णिकबाई म्हणाल्या. "बोलू द्या त्यांना."

"टाकीच्या झाकणाला गंजलेली कडी..." कस्तुरी म्हणाली आणि मुद्दाम थांबली.

पहिली ओळ झाली की नाव येतंच, ही सवय आपल्या कानांना लहानपणापासून लागलेली. नाव येईना. वकीलसुद्धा नकळत पुढे झुकले. मागच्या बाकावरून सोनल उठली. तिचा नवरा सोमवारच्या पाळीवर होता.

"नाव घे गो, कस्तुरी!"

"नाव घे! नाव घे!" सगळ्या बायका ओरडू लागल्या. त्यांच्यापुढे ना काच होती, ना डबा. दालनात त्या दिवशी ऐकू आलेला तो पहिला खरा आवाज.

कस्तुरीला रडू फुटलं. तरी तिने शब्द सोडले नाहीत.

"प्रथमेशरावांच्या मागे कुणी काढून नेली शिडी?"

शिडीची गोष्ट तिला प्रथमेशच्या सोबत्याने कानात सांगितली होती. साक्षीला यायची मात्र त्याची छाती झाली नव्हती. समितीने तर ती आत्ताच ऐकली. कर्णिकबाईंनी कप खाली ठेवला. "पाळीचा मुकादम कोण? पेटीत या."

कस्तुरी बाहेर आली, मुकादम आत गेला. काचेमागे त्याचे खांदे गदगदत होते.

"उतरायला मीच सांगितलं. शिडी दुसऱ्या टाकीला हवी होती, म्हणून नेली. परत आणायला विसरलो," डबा शांतपणे म्हणाला.

टाकीला सील ठोकण्याचा आदेश त्याच दुपारी निघाला. सोनल कस्तुरीच्या गळ्यात पडून रडली, आणि ते रडणं कुणी गाळलं नाही.

दारापाशी समस्वराचा अभियंता वायरी गुंडाळत होता. "ताई, आमचं यंत्र कमी पडलं खरं," तो म्हणाला. "पुढच्या वेळी यमकही मोडून टाकू. अर्थ तोच राहील, फक्त शब्द बदलतील."

"मोड बाबा," कस्तुरी डोळे पुसत म्हणाली. "यमक मोड, शब्द बदल. पण पहिली ओळ ऐकली की नावासाठी थांबतो, तो माणसाचा कान कसा मोडशील?"