बारीक रेघा

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. यात पदरचा एकही शब्द नाही. काळाचौकीला, गेल्या मे महिन्यातल्या भर दुपारी, हे मी स्वतः पाहिलंय.

जगदीश माझा मोठा भाऊ. परळच्या एका जाहिरात कंपनीत टाईप बनवायचा, म्हणजे अक्षरांची वळणं. त्याने एक टाईप काढला होता, मराठी आणि इंग्रजी दोन्हींसाठी. उभ्या रेघा भिंतीसारख्या जाड, आडव्या केसासारख्या बारीक. इंग्रजी अक्षरांना तर खाली धारदार पाय. पेपरचा मथळा, दुकानाची पाटी, लग्नपत्रिकेवरची नावं... मोठ्या आकारात ती अक्षरं बघत राहावी अशी दिसायची. लहान केली की बारीक रेघा गायब.

ती बारीक रेघ ओढताना दादा श्वास रोखायचा. रेघ संपली की सोडायचा. आमची एकच खोली. तो श्वास रोज ऐकू यायचा.

कंपनीचा मालक राजेश. त्याने तो टाईप स्वतःच्या नावावर खपवला. आमची चाळ पाडणाऱ्या बिल्डरने टॉवरसाठी नेमका तोच घेतला.

 दादा संक्रमण शिबिरात घराची वाट बघत बघत, झोपेतच गेला.

आम्हाला घर मिळालं मागच्या इमारतीत. पुढच्या टॉवरच्या दारावर मोठी पितळी अक्षरं लागली. 'राजवैभव'.

दादाची अक्षरं.

त्या दुपारी आईला डॉक्टरकडून घरी आणत होते. त्या दारापाशी ती थांबली.

मलाही ऐकू आलं...

कोणीतरी श्वास आत घेतला.

आणि रोखला.

आजूबाजूला कोणी नव्हतं. वॉचमन पार लांब, गेटवर.

बराच वेळ काहीच नाही. मग श्वास सुटला... माझ्या कानाशी.

मी वर पाहिलं. 'रा'वरची आडवी रेघ नव्हती. खाली तुकडा नाही, भिंतीवर ओरखडा नाही.

"जग्याच तो," आई म्हणाली. "हयच आसा गो."

आठवडाभरात सगळ्या बारीक रेघा गेल्या. नुसते जाड दांडे राहिले. चाळ पाडताना शेवटी खांब उरले होते, तसे.

बिल्डरने नवी अक्षरं बसवली. तीही गेली. कॅमेऱ्यात कोणी दिसलं नाही. रेघ असायची... आणि मग नसायची.

शेवटी राजेश स्वतः बघायला आला. अक्षरांखाली उभा राहिला. थोड्या वेळाने वॉचमनला त्याने विचारलं, "इथे दम कोण रोखतंय?" उत्तराला थांबला नाही. गाडीत बसला आणि दार नीट न लावताच निघून गेला.

मग साधी, एकसारख्या जाडीची अक्षरं लागली. त्यानंतर सगळं शांत.

आई मात्र रोज दुपारी तिथे जाऊन उभी राहते. टॉवरवाले वॉचमनकडे तक्रार करतात. परत आल्यावर ती मला एवढंच विचारते, "खय गेलो गो तो?"

पुढच्या महिन्यात दादाचं वर्षश्राद्ध. मंडळाची पोरं नाक्यावर बॅनर लावणार आहेत. त्याचं नाव त्याच्याच अक्षरांत, मोठं.

आई म्हणते, लावक सांग.

मी अजून हो म्हटलेलं नाही. त्याला ती अक्षरं आता कुणाच्याच नावाला नको असतील, तर?