फ्यूजवरचा चंदेरी कागद

"काका, पिन लावू नका!"

ललितच्या ओरडण्याने जयवंतकाकांचा हात सॉकेटपाशीच थांबला.

टोकरखाड्यातल्या त्या घरात आज प्रमिलामावशींच्या वडिलांना जाऊन वर्ष होत होतं. त्यांचा जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा रेडिओ संध्याकाळी लावायचा, असं मावशींनी ठरवलं होतं. शेजारची कावेरी आणि ललित सुट्टीभर त्याचं लाकूड घासत होते. तो जोडून द्यायला गल्लीतले जयवंतकाका आले होते.

"आता काय, इंजिनिअरसाहेब?"

"फ्यूजला चॉकलेटचा चंदेरी कागद कुणी गुंडाळलाय?"

"मीच. फ्यूज उडालेला होता."

"उडालेला?" मावशी दारातून म्हणाल्या. "बाबांनी शेवटी शेवटी नवा घातला होता. त्यानंतर रेडिओ कुणी लावलाच नाही."

"म्हणजे भुताने लावला," काका हसले. "सरका आता."

कावेरीचे कान तापले. मंगळवारी मावशी बाजारात गेल्या, तेव्हा तिनेच पिन लावली होती. फट्ट झालं, जळका वास आला. तिने पिन उपटली, रेडिओवरचं विणलेलं कापड नीट पसरलं आणि पुढचे चार दिवस मावशींच्या हातचे लाडू खाल्ले. आता फ्यूजसारखा हा कागद उडणार नव्हता. आतलं सगळं जळणार होतं.

"भूत नाही, मी," ती म्हणाली. "मंगळवारी. आत फट्ट झालं."

मावशींनी काकांच्या हातातली पिन काढून घेतली.

"मलासुद्धा नाही सांगितलंस?" ललितने विचारलं. तेच तिला जास्त लागलं.

ललितचे बाबा, गोकुळकाका, गलोंड्याच्या कारखान्यात वायरमन होते. ललित धावत जाऊन त्यांना घेऊन आला, सोबत त्यांचा सिरीज बोर्डही. म्हणजे वीज आधी एका बल्बमधून जाणार, मग रेडिओत.

पिन लावताच बल्ब लख्ख पेटला.

"पाहा जयवंतभाऊ, आत शॉर्ट आहे. बल्बने झेललं म्हणून बरं. तुमच्या कागदाने घर पेटवलं असतं."

पिन काढून त्यांनी तडकलेला कपॅसिटर बदलला, कागद फेकून योग्य फ्यूज घातला. या वेळी बल्ब क्षणभर चमकला आणि मंदावला. व्हॉल्व्ह हळूहळू लालसर झाले. खरखरीतून गुजराती बातम्या पुसट ऐकू येऊ लागल्या.

"पोरांनी वाचवलं," जयवंतकाका खाली बघत म्हणाले. "शाबास, कावेरी."

त्या शाबासकीने तिची मान आणखीच खाली गेली.

"आवाज तू मोठा कर," मावशी म्हणाल्या.

"मी नको."

"मंगळवारचं फट्ट एकटीने ऐकलंस ना? हे आमच्याबरोबर ऐक."

कावेरीने आधी बल्बकडे पाहिलं. मंदच होता. मग तिने बटण फिरवलं.