उजवी तर्जनी

यातला एक शब्दही पदरचा नाही. जिने हे पाहिलं, ती अजूनही सांगताना मध्येच थांबते.

रविवार होता. भर दुपार. तिसऱ्या मजल्यावरची मागची खोली.

टेबलावर एक कॉम्प्युटर, एक कीबोर्ड, एक माऊस आणि बोटाचा ठसा वाचणारा काडेपेटीएवढा सेन्सर. खोलीत माणसं दोन, दादा आणि त्याची धाकटी बहीण. दोघांच्या हातांची मिळून बोटं एकोणीस.

विसावं बोट, म्हणजे दादाची उजवी तर्जनी, महिन्यापूर्वी कारखान्याच्या प्रेसमध्ये गेलं होतं.

मालकाने आता त्याला घरून कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला सांगितलं होतं. जमलं तर नोकरी राहणार होती. पण पासवर्ड टाइप करताना दादाचं हमखास चुकायचं, मग तो कीबोर्ड आपटायचा. म्हणून बहिणीने त्याच्या डाव्या तर्जनीचा ठसा नोंदवला.

तो काही केल्या जुळेना.

"शास्त्रज्ञबाई, पदवी घेऊन काय उजेड पाडलात?"

"गप बस. बोट नीट टेकव."

"नऊ उरलीत. त्यातलं कुठलं?"

ती हसली नाही. तिने सेन्सरची काच पुसली. ठसे ओळखणारा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला. मग कॉम्प्युटरवर कुठलं बोट नोंदलं गेलंय, ते पाहिलं.

एकच होतं…

उजवी तर्जनी.

"ही अपघाताआधीची नोंद तर मी कालच पुसली होती!"

तिने ती पुन्हा पुसली. डावी तर्जनी पाच वेळा टेकवून घेतली. पुन्हा पाहिलं.

उजवी तर्जनी.

सेन्सरच्या चिपमध्ये जुना ठसा अडकून राहिला असेल, असं तिने स्वतःला समजावलं. तसं होतं कधीकधी. तिने तपासणीची कमांड दिली आणि स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली, "टेकव."

ठसा जुळला.

"बघ! झालं की नाही?"

तिने वळून पाहिलं…

त्याचे दोन्ही हात मांडीवर होते.

तिने त्याला स्वयंपाकघरात पाठवलं. कमांड पुन्हा दिली. सेन्सर नुसता वाट पाहत राहिला. तिने दादाला परत बोलावलं. तो खुर्चीत येऊन बसला, एवढंच.

ठसा जुळला.

"दादा… तुला काही जाणवतंय का रे?"

खालच्या रस्त्यावरचा आवाज कधी थांबला, ते तिला कळलंही नव्हतं.

"काच लागतेय," तो म्हणाला. "गार."

"कुठे?"

त्याने मान खाली घातली. पट्टी होती तिथे नाही, तर तिच्याही पुढे, जिथे काहीच नव्हतं तिथे पाहिलं.

तिने सेन्सरची वायर उपटली. "नोकरी गेली खड्ड्यात! आता?"

"अजून लागतेय."

"दादा, वायर काढलीये मी."

"माहितीये गं." त्याने उजवा हात पुढे केला. "आता मधल्या बोटालाही लागतेय."

मधलं बोट तर होतं. धडधाकट. तो ते हलवून दाखवत होता.

तिने कपाटातून कॉलेजच्या प्रोजेक्टचा थर्मामीटर काढला. त्याचं टोक एकेका बोटाला लावलं. सेल्सिअसमधला आकडा स्थिर होईपर्यंत थांबली.

अंगठा तेहतीस.

करंगळी बत्तीस.

अनामिका तेहतीस.

खोलीतली हवा सव्वीस.

मधलं बोट सव्वीस.