ढब्बू जिथे वळतो

ढब्बू हा माझा रोबो. त्याचं अंग म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. चाकं म्हणजे बरणीची दोन झाकणं, वर सायकलच्या फाटक्या ट्यूबचे पट्टे चिकटवलेले. पुढच्या तिसऱ्या चाकाच्या जागी दादाच्या संपलेल्या अत्तराच्या बाटलीतली फिरती गोळी. मोटारी मोडक्या खेळण्यांतल्या, वायरी कुणीतरी फेकून दिलेली केबल सोलून काढलेल्या. नवीन अशा त्याच्यात दोनच गोष्टी आहेत. एक त्याचा मेंदू, म्हणजे बोटाएवढा बोर्ड, आणि दुसरे त्याचे डोळे, म्हणजे अंतर मोजणारा सेन्सर. हे डोळे खरं तर बघत नाहीत, ओरडतात. आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडायचा, आणि तो कशावर तरी आपटून परत आला की समजायचं, पुढे काहीतरी आहे. मग ढब्बू थांबतो, वळसा घालतो आणि परत आपल्या रेषेवर येतो. त्याला एवढंच येतं. पण ते मी शिकवलंय, आणि मी अजून नववीतच आहे.

दादा इंजिनियरिंगला आहे. त्यामुळे घरातलं कुठलंही यंत्र बिघडवायचा पहिला हक्क त्याचा. ढब्बूला पाहून तो म्हणाला होता की हा डबा सरळ चालला तर मी मिशी काढीन. आठवी-नववीपासून जपलेली मिशी आहे ती, त्यामुळे मला हुरूपच आला.

माझी खरी अडचण जागेची होती. या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आम्ही गेल्या वर्षी राहायला आलो. बाहेरची खोली लांबलचक, पण मला काम करायला मिळाला तो चपलांच्या कपाटाशेजारचा कोपरा. झाडताना आईने माझे स्क्रू दोनदा केराच्या सुपलीत नेले. बाबा बस चालवतात, घरी येतात तेव्हा दमलेले असतात, आणि एका संध्याकाळी त्यांच्या तळपायात खेळण्यातल्या मोटारीची पिन घुसली. ते ओरडले नाहीत. म्हणाले, रविवारी सगळ्यांसमोर चालवून दाखव. चालला तर दादाचं जुनं टेबल तुझं. नाही चालला तर हा सगळा पसारा भंगारात, आणि अभ्यासाला लाग.

रविवारी सकाळी सगळे सोफ्यावर बसले. मी ढब्बूला दारापाशी ठेवलं आणि समोरच्या खिडकीच्या दिशेने सोडलं. तो झकास निघाला. खोलीच्या मध्यावर, जिथे टेबल नाही, खुर्ची नाही, काही म्हणजे काही नाही, तिथे थांबला. डावीकडे वळला, छान गोल वळसा घेतला, परत रेषेवर आला आणि खिडकीपाशी पोचला.

"हवेला घाबरतो वाटतं," दादा म्हणाला.

मी त्याला खिडकीकडून सोडलं. तिथेच वळला. आडवा सोडला, तिथेच. दादाच्या पेटीतला दुसरा सेन्सर बसवला, तरी तिथेच. मग त्याला जिन्यासमोरच्या पॅसेजमध्ये नेलं, तर बाण सुटावा तसा सरळ गेला. घरात आणून जिथे जिथे वळला तिथे तिथे खडूने खुणा केल्या. खुणा जोडल्या तेव्हा एक गोल झाला. मोठा नव्हता. कुणी मांडी घालून बसेल एवढा.

बाबा म्हणाले, आता पुरे. माझं भंगाराचं खोकं पलीकडे होतं, ते उचलायला ते उठले. मी त्यांच्या पायांकडे बघत होते.

"बाबा, तुम्ही वळलात."

"खडू लागला असता पायाला," ते म्हणाले.

पटण्यासारखं होतं. मी संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली, ओल्या फडक्याने खडू पुसला आणि चपलांच्या कपाटाला टेकून बसले. बघत राहिले, बस्स. आई वाळायचे कपडे घेऊन खिडकीकडे गेली, वळसा घालून. दादा फोनमध्ये डोकं खुपसून गेला. समोर हत्ती उभा असता तरी त्याला दिसला नसता, पण त्या जागी मात्र न बघता वळला. शेजारच्या काकू इस्त्री मागायला आल्या. त्या आमच्या घरात पहिल्यांदाच येत होत्या. बोलता बोलता त्याही वळल्या.

मला तहान लागली. पाणी पिऊन आले, कोपऱ्यात बसले, आणि मग लक्षात आलं की जाताना आणि येताना मीसुद्धा.

भीती वाटायला हवी होती. मला राग आला. वर्षभर मी चपलांच्या वासात बसून काम करत होते, आणि इथे एवढी मोकळी जागा होती, आणि ती कुणाला दिसली नव्हती.

मी फरशीला गाल टेकवून पाहिलं. खिडकीतून तिरकं ऊन येत होतं. दारापासून खिडकीपर्यंत पायांनी झिजून फरशीची चकाकी गेली होती, मळकट वाट पडली होती. मध्यावर त्या वाटेला दोन फाटे फुटत होते आणि पुढे पुन्हा एक होत होते. मधला तुकडा नव्यासारखा चमकत होता. एका वर्षात फरशी इतकी झिजत नाही. आमच्या आधी जे कुणी इथे राहिले, तेही सगळे वळत आले होते.

मी ढब्बूच्या मेंदूतून वळायची आज्ञा काढून टाकली. समोर काहीही असो, जा. पुढच्या बाजूला जुन्या दात घासायच्या ब्रशचे केस लावलेले होते, धडकलाच तर डब्याला पोचा येऊ नये म्हणून. सगळ्यांना पुन्हा बोलावलं.

ढब्बू निघाला.

मध्यावर थांबला. चाकं मात्र फिरत होती. ट्यूबचं रबर फरशीवर घासून चुईचुई आवाज येत होता.

ब्रशचे केस वाकले होते. मागे, डब्याकडे. समोर काहीच नव्हतं.

दादा हसला नाही.

"उचल त्याला," आई हळूच म्हणाली. "आणि बाळा, ती जागा राहू दे."

"का राहू दे? भाडं बाबा भरतात."

"काहीतरी बोलू नकोस."

"मग इथे जो कुणी बसलाय त्याला सांग ना बाजूला व्हायला. मी का म्हणून कोपऱ्यात बसायचं?"

बाबा अर्धवट उठले. मी थांबले नाही. सरळ चालत गेले. शेवटच्या पावलाला पाय आपोआप डावीकडे जायला लागला, तो मी ओढून पुढे टाकला.

फरशी कोमट होती.

बसमध्ये कुणी नुकतंच उठून गेलेलं असावं, आणि आपण त्या सीटवर बसावं, तशी.

ब्रशचे केस सरळ झाले. ढब्बू पुढे आला आणि माझ्या पायाला टेकला.

"टेबल इथे," मी म्हणाले.

बाबांनी आणि दादाने टेबल आणून ठेवलं. दादाने दुसऱ्या दिवशी खरंच मिशी काढली. आता तो उकडलेल्या बटाट्यासारखा दिसतो. फरशी तासाभरात गार झाली. मी ढब्बूला वळायची आज्ञा परत दिली आणि टेबलाखालून सोडलं. मधूनच गेला, सरळ. आईसुद्धा आता टेबलाला घासून जाते. जागा माझी झाली.

पुढच्या आठवड्यात मी स्क्रूड्रायव्हर आणायला स्वयंपाकघरात निघाले होते आणि ढब्बू मागून येत होता. तो माझ्या टाचेपाशी येऊन वळेल असं मला वाटलं. तो माझ्यापासून बराच अलीकडे थांबला, आणि तिथूनच वळला. मी दुसऱ्या खोलीत जाऊन पाहिलं. पॅसेजमध्येही पाहिलं. मी पाठमोरी असले की दर वेळी तसंच.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर टेबल परत गेलं असतं. आणि मी वळणार नाही हे एकदा ठरवलंय म्हणजे ठरवलंय. त्याला माझ्या मागे यायचं असेल तर येऊ दे.

शाळेच्या प्रदर्शनात ढब्बू पहिला आला. सगळं भंगारातून, आणि एकदाही चुकला नाही. परीक्षक बाईंनी वाकून डबा पाहिला, झाकणांची चाकं पाहिली, हसल्या. मग माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "शाब्बास."

पाठीवर थाप मारल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

माझ्या पाठीला काहीच लागलं नाही.