दोनशे बारा दगड

कांप दे मास्क या गावी मी फक्त एक पान आणायला गेलो होतो. शाळेच्या वहीचं, चौकटीच्या कागदाचं, पेन्सिलीनं लिहिलेलं एक पान. हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर आमच्या मराठी मंडळातल्या मोठ्यांनी गावभर सांगितलं की हा नंदलाल दुसऱ्याच्या घरातली घाण उकरायला गेला होता. खोटं. दिवा जरा इकडे सरकवा, म्हणजे नीट सांगतो.

मी तेव्हा एकोणीसचा. फॉर्म फाइव्हच्या परीक्षेत दोनदा आपटलो आणि शाळा सोडली. आमच्या गावी, रिव्हिएर दू रांपारला, बाबाची भाजीची शेती: वांगी, मिरची, टोमॅटो. सकाळी मी पाणी लावायचो आणि दुपारी माझं ‘खेळपत्र’ काढायचो. दोन पानांचं पत्रक, वाचक एकतीस. लंडनला नर्स असलेल्या माझ्या ताईनं रबरी बटनांचा कॉम्प्युटर पाठवला होता. तो टीव्हीला जोडायचा आणि कॅसेटवरून खेळ चढवायचा. नाहीतर कागदावर छापलेल्या ओळी एकेक करून स्वतः टाइप करायच्या, की खेळ तयार. पोर्ट लुईच्या बंदरात इंग्रजी मासिकं बोटीनं यायची, तीन महिने शिळी. मी त्यातल्या मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती सोडून द्यायचो आणि शेवटच्या पानांवरची बारीक अक्षरं वाचायचो. तिकडे कुणी पोस्टमन स्वयंपाकघरात बसून खेळ बनवतो, त्यात पोस्टमनला स्वतःचंच पत्र स्वतःला पोचवायचं असतं. कुणाच्या खेळात बकरी टीव्हीचा पडदा कडेपासून खात येते. एकटी, वेडी माणसं. त्यांच्या बातम्या मी छापायचो, अर्ध्या मराठीत, अर्ध्या क्रेओलमध्ये, म्हणजे इथल्या बोलीत. कारण मराठीत सगळं लिहायला मला कुणी शिकवलं नाही आणि ज्यांनी शिकवायचं ते मंडळाच्या हॉलमध्ये बसून खुर्च्यांवरून भांडत होते.

मासिकं वाचायला मी लिचीच्या दोन झाडांमधल्या दगडांच्या ढिगावर बसायचो. आजा-पणजांनी शेतातून उपसलेले काळे दगड, असे ढीग इथं प्रत्येक शेतात आहेत. पण बाबा दिसला की मला तिथून उठवायचा.

“ऊठ. बसायला दुसरी जागा नाही तुला?”

“का? दगड झिजतात?”

“आयो, काय तोंड या पोराचं! बलराम अस्साच होता. असाच तोंड वर करून रेयुनियोंला गेला, पुन्हा पत्र नाही की काही नाही.”

बलराम म्हणजे बाबाचा धाकटा भाऊ. माझ्या जन्माआधीच शेजारच्या त्या बेटावर गेलेला. मला शिवी द्यायची झाली की घरात त्याचं नाव निघायचं, एरवी नाही.

तर खेळपत्रात मी एकदा लिहिलं: तुम्ही स्वतः खेळ बनवला असेल तर पाठवा, छापतो. मला वाटलं कोण पाठवणार. पण पाठवला. फ्लाक्कला जाणाऱ्या बसचा कंडक्टर सत्यदेव एक पाकीट घेऊन आला. आत पेन्सिलीनं लिहिलेल्या प्रोग्रामच्या ओळी आणि खाली नाव: जयदेव, कांप दे मास्क.

पहिला खेळ असा की तुम्ही बस आहात आणि थांब्यावर उभ्या असलेल्या तुमच्या बापासाठी थांबायचं नाही. मी हसून हसून मेलो. दुसऱ्यात विहिरीतला बेडूक वर येणाऱ्या प्रत्येक घागरीला नाव विचारायचा. इंग्लंडातल्या कुणाला असलं सुचलं नसतं. दोन्ही छापले. माझ्यासारखाच कुणीतरी या बेटावर आहे, याचा मला कोण आनंद झाला!

तिसरं पाकीट जाड होतं. टाइप करायला दोन दिवस लागले. पडद्यावर वरून दिसणारं उसाचं शेत: हिरव्या रांगा, मध्ये काळा चौकोन. तुम्ही म्हणजे एक पांढरा ठिपका. चौकोनातला एक दगड उचलायचा, शेताच्या बांधापर्यंत न्यायचा, परत यायचं. शत्रू नाही, गुण नाहीत. खाली फक्त आकडा, २१२, दर दगडाला एकानं कमी होणारा. दर दहा दगडांना मशीन एकदा ‘पीं’ करायचं. इतका कंटाळवाणा खेळ, पण हात काढवेना. चाळिसाव्या दगडानंतर मशीन थांबलं. पुढच्या ओळी नव्हत्या. शेवटचं पान आलंच नव्हतं.

खेळपत्रात विचारलं, ‘जयदेव, शेवटचं पान पाठव.’ महिना गेला. सत्यदेवला विचारलं, “पाकीट देतो कोण तुला?”

“देतो कोण?” तो तिकिटांचा गठ्ठा चाळत म्हणाला. “कांप दे मास्कच्या वळणावर मागच्या सीटवर सापडतं. तुझं नाव असतं वर. तिथं कुणी चढत नाही, उतरत नाही. मला वाटलं, तुझीच काहीतरी भानगड.”

म्हणून मी निघालो. फेब्रुवारी होता, रेडिओवर वादळाचा दोन नंबरचा इशारा. बाबा ओरडत होता की तीन नंबर लागला की बस बंद, मरशील रस्त्यात. मी छत्रीसुद्धा घेतली नाही.

कांप दे मास्कला उतरलो तेव्हा वारा अजिबात नव्हता. ऊस डोक्याच्या वर, आणि त्याचं एकही पान हलत नव्हतं. दुकानदार फळ्या ठोकत होता. जयदेवचं घर विचारलं तर हातोडा थांबला.

“हरिलालचा पोरगा? तो फ्रान्सला गेला. तीन वर्षं झाली.”

“मला त्याचं पाकीट येतं.”

त्यानं माझ्याकडे बघितलं, शेवटचं घर बोटानं दाखवलं आणि पुन्हा ठोकायला लागला.

दार एका बाईनं उघडलं. जयदेवची आई, पुष्पावती. साडीचा पदर तोंडाशी. मी म्हटलं, “मावशी, मी जयदेवचा मित्र. त्याच्या कॉम्प्युटरच्या खेळाचं...”

“आमच्याकडे नाही असलं काही, बाळा. कधीच नव्हतं.” मग हळूच म्हणाली, “पोर्ट लुईला टीव्हीच्या दुकानात होता चार महिने. तिथं बघितलं होतं त्यानं. वहीत लिहीत बसायचा. म्हणायचा, आई, मशीन मिळालं की हे सगळं चालेल.”

म्हणजे त्यानं आपला एकही खेळ चालताना बघितला नव्हता.

तिनं आतून पत्र्याची पेटी ओढली, कमरेची किल्ली लावली. वही निघाली. पानं फाडून नेलेली. मी माझ्याकडचं एक पान तिथं लावून पाहिलं. फाटलेली कड कडेला बसली, दातात दात बसावा तशी.

“पेटीला कुलूप असतं?”

“किल्ली माझ्या कमरेला असते. झोपतानाही.”

वहीखाली निळ्या पुठ्ठ्याचं काहीतरी होतं. तिनं झाकायचा प्रयत्न केला, पण मी पाहिलं. पासपोर्ट. कोरा.

“मावशी... पासपोर्ट इथं आहे. मग तो फ्रान्सला गेला कसा?”

दमट वहीच्या मागच्या पुठ्ठ्याला एक पान चिकटलं होतं, ते तिनं नखानं सोडवलं आणि माझ्या हातात दिलं. शेवटचं पान.

मागच्या दारातून हरिलाल आला. हातात दोरखंड, छप्पर बांधायला. साठीचा, खांदे बैलासारखे. पान पाहून म्हणाला, “काय आहे ते?”

“खेळ आहे, काका. ढिगातले दगड हलवायचे. दोनशे बारा.”

त्याच्या हातातला दोर खाली पडला. त्यानं तो उचलला नाही. नुसतं म्हणाला, “किती?”

“दोनशे बारा.”

“बस जाईल तुझी,” तो म्हणाला. “जा.”

फाटकापर्यंत पुष्पावती माझ्यामागे आली. वारा आता सुरू झाला होता, उसातून लांबचा सूं सूं आवाज. ती माझ्याकडे न बघता बोलली. “त्या दिवशी बाप-लेकाचं कडाक्याचं भांडण झालं. मी बहिणीकडे होते. परत आले तर म्हणाले, फ्रान्सला गेला. आणि शेताच्या मध्यात नवा ढीग. आमचं शेत तर सासऱ्यांनीच दगड काढून साफ केलेलं, बाळा. आमचे हे तीन दिवस बांधावरचे दगड आत नेत होते... आत.”

“तुम्ही कुणाला सांगितलं नाही?”

“बाबूरावदादांना सांगितलं. ते म्हणाले, मंडळात आपल्या लोकांची अब्रू आहे, गप्प राहा.”

बाबूराव काका म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष. दर गणेश चतुर्थीला माइक धरून तरुणांना संस्कार शिकवणारे. त्यांच्याच परवानगीनं मंडळाच्या छपाईच्या मशीनवर मी खेळपत्र काढायचो. शेवटच्या बसमध्ये बसलो तेव्हा मला भीती कमी आणि राग जास्त होता. मी ठरवलं, हा खेळ पुरा करायचा. मग काय व्हायचं ते होऊ दे.

घरी पोचलो तेव्हा तीन नंबर लागला होता. खिडक्यांना फळ्या, दुपारचे चार आणि आत काळोख. बाबा आणि आई पुढच्या खोलीत दिवा लावून रेडिओशी बसले. मी शेवटचं पान टाइप केलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दगड उचल. बांधावर ने. परत ये. दहा, पीं. वीस, पीं. बाहेर वारा पत्रा खरवडत होता, भिंतीतून ओल्या मातीचा वास येत होता आणि त्यात मध्येच कुजक्या उसाचा. शंभर. एकशे दहा. बोटं सुजल्यासारखी झाली. चौकोनात आता एका कोपऱ्यात काळ्याखाली निळं दिसायला लागलं. शर्टाएवढं. मी थांबलो नाही. एकशे वीस. एकशे तीस, पीं.

आणि वीज गेली.

टीव्हीचा ठिपका आक्रसत विझला. मी अंधारात शिव्या दिल्या. पुढच्या खोलीतून बाबा म्हणाला, “खांब पडला असणार. आता आठवडाभर नाही येत.”

मग अंधारात मशीननं ‘पीं’ केलं.

मी तार चाचपडली. प्लग ओढून हातात घेतला. तरी काही वेळानं पुन्हा, पीं. मधलं अंतर तेवढंच, दहा दगड न्यायला मला लागायचं तेवढं. मी पळालो नाही. प्लग हातात धरून जमिनीवर बसलो आणि मोजले. आठ वेळा वाजलं. आधीचे तेरा आणि हे आठ, एकवीस. दोनशे दहा दगड. त्यानंतर मात्र नुसता वारा.

तिसऱ्या दिवशी बस सुरू झाली आणि सत्यदेव सरळ घरी आला. चेहरा राखेसारखा. हरिलालच्या शेतात ऊस झोपला होता, तसा सगळीकडेच झोपला होता. पण मधला ढीग जागेवर नव्हता. दगड बांधाला लावलेले, दहा-दहाच्या सरळ ओळींत. जुन्या जागी फक्त दोन उरले होते. पुष्पावतीनं स्वतः चालत जाऊन पोलिसांना आणलं. ते दोन दगड पोलिसांनी उचलले. खाली जयदेव होता, निळ्या शर्टात.

हरिलालला नेलं. त्यानं एवढंच विचारलं म्हणे, “त्या पोराला आकडा कुणी सांगितला?”

बाबूराव काका संध्याकाळी आले. चहा घेतला, दोन बशा भरून. म्हणाले, “हे बघ नंदलाल, वादळानं दगड हलले. झालं गेलं. तुझ्या त्या कागदात नाव-बिव घालू नकोस. समाजाची बदनामी होते.”

“वादळ दगड मोजून लावतं, काका?”

“मोठ्यांशी असं बोलतात?”

“मोठ्यांना तीन वर्षं माहीत होतं.”

बशी आपटून ते म्हणाले, मंडळाच्या मशीनला हात लावलास तर बघ. मी म्हटलं, ठेवा तुमचं मशीन. कार्बन पेपर घेतला आणि एकतीस प्रती हातानं काढल्या. तीन रात्री लागल्या. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात: ‘या बेटावरचा पहिला खेळकर्ता. जयदेव, कांप दे मास्क. त्याचे तीन खेळ. तो फ्रान्सला गेला नव्हता.’ एक प्रत पुष्पावतीला, एक बाबूराव काकांच्या दाराच्या फटीतून. बाबानं आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं.

मला वाटलं, संपलं.

महिन्यानं वीज नीट झाली, आणि सत्यदेवनं पाकीट आणलं. ते त्यानं माझ्या हातात दिलं नाही, ओट्यावर ठेवून दोन पावलं मागे सरकला. तेच पेन्सिलीचं अक्षर. या वेळी पानं पुरी होती. वर नाव: ‘दुसरा ढीग’.

भर दुपारी बसून मी ते टाइप केलं आणि चालवलं. पडद्यावर ऊस नव्हता. भाजीचे वाफे होते. कोपऱ्यात विहीर, दोन गोल झाडं आणि त्यांच्यामध्ये काळा चौकोन. खाली आकडा, ३४०.

बाबा माझ्या खोलीत कधी येत नसे. मागे वळलो तर तो दारात उभा, हातात मिरच्यांची टोपली. पडद्याकडे बघत होता.

“हे... कुणी दिलं तुला?”

“कांप दे मास्कहून आलंय.”

तो ओरडला नाही. आयुष्यात पहिल्यांदा ओरडला नाही. “बंद कर, नंदू,” एवढंच म्हणाला, अगदी हळू.

“बाबा, बलराम काका रेयुनियोंला कुठल्या वर्षी गेला?”

तो खिडकीबाहेर लिचीच्या झाडांकडे पाहत राहिला. माझे दोन्ही हात मांडीवर होते, बटनांना मी स्पर्शही केला नव्हता. पडद्यावर आकडा ३३९ झाला, आणि बाहेर, झाडांच्या पलीकडे बांधावर, कुणीतरी दगड खाली ठेवल्याचा आवाज आला.