होऊ द्या सावकाश

पटो न पटो, सुमेधाच्या घरात हे घडलं. इंग्लंडमधलं मेडनहेड, नोव्हेंबर २००५. चारलाच अंधार पडायचे दिवस.

भाड्याचं घर जुनं होतं. जेवणाच्या टेबलासमोर एका कर्नलची तसबीर. लाल कोट, खप्पड गाल.

घरमालकीण त्याची पणती. कौतुकाने सांगायची. पणजोबा पुण्याच्या छावणीत होते. मग फौज सोडून बर्फाचा कारखाना, सागवानाचा ठेका, शेवटी सोन्याच्या खाणीचा नाद. त्या नादात रानात वाट चुकले आणि अन्नावाचून गेले.

"एक ना धड, भाराभर चिंध्या!" सुमेधाचा नवरा शशिधर नंतर हसला.

पहिल्या दिवशी पानं वाढली आणि सुमेधाची नजर तसबिरीकडे गेली. सवयीने ती म्हणाली, "या जेवायला!"

आपल्याकडे ही रीतच आहे. समोरचाही रीतीने म्हणतो, "होऊ द्या सावकाश," आणि आपल्या वाटेने जातो.

इथे कोणी काहीच म्हणालं नाही...

फक्त रिकामी खुर्ची सरकली.

"लाकडी फ्लोअर आहे गं," शशिधर म्हणाला.

त्यांची दिया सहा वर्षांची. घास घेऊन तिच्यामागे धावावं लागायचं. आता तिचं ताट रोज चाटूनपुसून लख्ख. सुमेधा हरखून गेली.

पण पोर वाळत चालली. शाळेचा स्कर्ट कमरेवर ठरेना. तिथल्या फॅमिली डॉक्टरने, जीपीने, सगळ्या टेस्ट केल्या. काही निघालं नाही.

एकदा सुमेधा किचनच्या दारातून गुपचूप बघत राहिली.

दियाचे हात मांडीवर होते.

ताटातला वरणभात कमी होत होता... आवाज न करता.

"दिया! कोण खातंय?"

"He's so hungry, आई. तूच बोलावलंस ना त्याला?"

सुमेधाने तसबिरीकडे पाहिलं...

गाल भरले होते.

त्याच आठवड्यात त्यांनी घर सोडलं आणि कार्डिफ गाठलं. नवं घर, नवं टेबल. सुमेधाने ओठ घट्ट मिटून पानं वाढली.

खुर्ची सरकली.

तिने स्वतःचं ताट त्या खुर्चीपुढे ढकललं.

"यातलं घ्या. पोरीचं नको."

दिया आता छान अंगाने भरली आहे. शशिधर हसत नाही. सुमेधाच्या बांगड्या कोपरापर्यंत चढतात. डॉक्टरांना काही सापडत नाही.

ती रोज पान वाढते, हात मांडीवर ठेवते आणि रिकाम्या खुर्चीला हळूच म्हणते...

"होऊ द्या सावकाश."