बोदवडला मेल का थांबली

गुरुवारच्या दुपारच्या पॅसेंजरने मुंबईचं सिनेमाचं साप्ताहिक येई, आणि गुरुवारीच आठवीतल्या मुलींची पोटं दुखू लागत. कुंदा भोळे त्यांना शास्त्र शिकवायची. सलग तीन गुरुवार, एकाच वेळी, एकाच वर्गातली अकरा पोटं दुखतात याला काहीतरी कारण असलंच पाहिजे, असं तिला वाटलं. आणि चौथ्या गुरुवारी ते कारण पकडायला ती बोदवड स्टेशनवर गेली.

मुली कुठे दिसल्या नाहीत. फलाटावर कापसाच्या गाठी रचल्या होत्या, उन्हात रुईचे तंतू तरंगत होते, आणि एका गाठीवर बसून पांढऱ्या गणवेशातला एक सडपातळ तरुण तेच साप्ताहिक वाचत होता. मुखपृष्ठावर नट चंद्रहास... कपाळावर आलेली ती एक बट, आणि ते हसू. त्या हसण्यापायी जळगाव-धुळ्याकडच्या किती मुलींनी भूमितीच्या वहीत त्याचं चित्र दडवलं होतं, याची गणती नव्हती.

"हे माझ्या मुलींचं आहे," कुंदा म्हणाली.

तो गडबडून उभा राहिला. "मुली? तुम्हाला...? किती?"

"अडतीस."

त्याचे डोळे मोठे झाले. मग तिच्या हातातलं हजेरीपुस्तक त्याला दिसलं आणि तो कानांपर्यंत लाल झाला. कान जरा मोठेच होते, त्यामुळे लालीही भरपूर दिसली.

"पार्सल फाटलं होतं बाई. आतला माल शाबूत आहे की नाही, हे पाहणं रेल्वेचं काम."

"अकराव्या पानापर्यंत शाबूत दिसतोय."

"बाराव्यापर्यंत," तो गंभीरपणे म्हणाला. "अकराव्यावर चंद्रहासचं लग्न ठरलंय. बाराव्यावर मोडलंय."

कुंदाला हसू आवरलं नाही.

तो नवा असिस्टंट स्टेशन मास्तर होता. रुपचंद देवरे, राहणारा साक्रीकडचा. घरी पावसावरची चार एकर जमीन, मागे दोन बहिणी, आणि नोकरी अजून कच्ची. एप्रिलमध्ये कायम व्हायची होती. हे सगळं कुंदाला एकदम कळलं नाही. पुढच्या गुरुवारी थोडं कळलं, त्यापुढच्या गुरुवारी आणखी थोडं. मुलींवर लक्ष ठेवायला तिला स्टेशनवर यावंच लागे. मुली येत, साप्ताहिक घेत, पळून जात; लक्ष ठेवणं मात्र पॅसेंजर सुटून गेल्यावरही अर्धा तास चाले.

तो तिला सिग्नल समजावून सांगे. आडवा हात म्हणजे थांब, खाली झुकलेला म्हणजे जा.

"आणि तार तुटली तर?" कुंदाने विचारलं.

"तर हात आपोआप आडवा होतो. त्याच्यामागं वजन शे..." त्याने जीभ चावली. "आहे."

"शेच राहू द्या मास्तर. छान वाटतं."

पुन्हा कान लाल!

जानेवारीच्या शेवटच्या गुरुवारी साप्ताहिकात चौकट आली. चंद्रहास नागपूरच्या समारंभाहून रविवारच्या मेलने मुंबईला परतणार, आणि त्याच डब्यातून 'एक सुप्रसिद्ध तारका' प्रवास करणार असल्याची कुजबूज! गावात दुसरा विषयच उरला नाही. मुलींनी शिवणाच्या तासाला रुमाल भरले, मुलांनी एरंडेल लावून कपाळावर बटा पाडल्या, वरणगावहून बैलगाड्या येणार म्हणून निरोप आले.

"येऊन काय करणार?" रुपचंद म्हणाला. "मेल आपल्याकडे थांबत नाही. चंद्रहास दारात उभा राहिला तरी नुसती रेघ दिसेल."

"सिग्नल तर तुमच्या हातात आहे ना?" कुंदा म्हणाली. "मग थांबवा की."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी समजा."

असं कसं आपण बोलून गेलो, हे तिलाच कळेना. पण आता शब्द सुटला होता. तो हसेल असं तिला वाटलं... तो हसला नाही. तिच्याकडे बघत राहिला.

"किती मिनिटं?"

"एक पुरे," ती म्हणाली. आत घंटा वाजली आणि तो लगबगीने निघून गेला.

घरी जाताना वेशीपर्यंत कुंदा हसतच होती. वेशीपाशी तिचे पाय थबकले. तो हसला का नाही?

त्याने खरंच मनावर घेतलं असेल तर? मेल विनाकारण अडवली तर कच्च्या नोकरीतला माणूस दुसऱ्या दिवशी घरी. साक्रीची ती चार एकर, त्या दोन बहिणी... आणि हे सारं आपल्या एका लाडिक वाक्यापायी! शुक्रवारी तिने फळ्यावर पाण्याचं सूत्र चुकीचं लिहिलं आणि मुलींनी ते मुकाट्याने उतरवून घेतलं. शाळा सुटताच ती स्टेशनवर गेली. रुपचंद डोळ्यांच्या तपासणीसाठी भुसावळला गेला होता. शनिवारी कामावर मोठे मास्तर होते. तिने चिठ्ठी लिहिली: 'गंमत केली होती. गाडी थांबवू नका.' मग तिच्या लक्षात आलं, ही चिठ्ठी कुणाच्या हाती पडली तर तीच त्याच्याविरुद्ध पुरावा ठरेल. तिने ती फाडली आणि तुकडे चुलीत घातले.

रविवारी फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. कुंदा नळाजवळच्या कोपऱ्यात उभी राहिली. तिथून मेल येण्याच्या बाजूचा, मलकापूरकडचा सिग्नल स्पष्ट दिसे. सगळ्यांच्या माना रुळांच्या वळणाकडे होत्या. तिची नजर तेवढी त्या लांबच्या लोखंडी हातावर.

हात आडवा होता.

रुपचंद बाहेर आला. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही.  हा माणूस आपली नजर चुकवतोय... म्हणजे ठरलंच याचं!

फलाटावरच्या घड्याळात चार पन्नास झाले. रुपचंदने उखर्डू सांधेवाल्याला खूण केली, उखर्डूने दांडा ओढला, तार सळसळत गेली, आणि दूरवर तो हात हळूच खाली झुकला.

जा, असं सांगणारा हात! कुंदाने डोळे मिटले. 

"आली! आली रे!"

वळणावर धूर दिसला आणि मागची गर्दी पुढे रेटली. पुढच्या रांगेतली दहा-बारा माणसं फलाटावरून खाली पडली. पलीकडून खिडकी नीट दिसेल म्हणून आणखी पंधरा-वीस जणांनी आपणहून उड्या टाकल्या. रुळांवर टोप्या, पदर, पोरंबाळं, फुलांच्या परड्या. आणि या सगळ्या कल्लोळावर रुपचंदचा आवाज, साक्रीच्या बोलीत:

"बठ्ठा लोक रूळवर शेतस! उखर्डू, दांडा! सिग्नल आडवा कर!"

कुंदाने पाहिलं, हात झटकन आडवा झाला. इंजिनाने किंकाळी फोडली, चाकं करकरली, जळक्या लोखंडाचा वास पसरला. आणि मेल फलाटापासून फर्लांगभर अलीकडे, सिग्नलच्या खांबाशी, फुसफुसत उभी राहिली.

 मग आरोळी उठली आणि सारं बोदवड मेलकडे धावत सुटलं.

कुंदाही धावली. उलट्या दिशेला.

कचेरीत रुपचंद नोंदवही उघडून बसला होता. 

"मास्तर..." तिला धाप लागली होती. "माझ्यासाठी नाही ना? खरं सांगा."

त्याचा चेहरा पांढराफटक होता. "एक मिनिट मागितलं होतं तुम्ही. रूळ मोकळे व्हायला आता दहा तरी लागतील." तो हसायचा प्रयत्न करत होता, पण तेवढ्यात भुसावळहून फोन खणखणला आणि त्याने तिला हातानेच जायला सांगितलं.

चंद्रहास त्या गाडीत नव्हताच. पहिल्या वर्गाच्या डब्यात काळा चष्मा घातलेला अकोल्याचा एक कापसाचा दलाल होता. त्याच्या कोटाची तीन बटणं आणि टोपी लोकांनी आठवण म्हणून नेली. संध्याकाळपर्यंत गावाला चंद्रहासपेक्षा चविष्ट विषय मिळाला. गुरुवारी त्या दोघांचं बोलणं गाठींमागून कुणीतरी ऐकलं होतं. 'मास्तरनं बाईसाठी मेल थांबवली!' नळावर तेच, दळणाच्या रांगेत तेच.

सोमवारी भुसावळहून रेल्वेचे इन्स्पेक्टर आले. रुळांवर कोण होतं, याची त्यांनी चौकशी केली, तर कुणीच नव्हतं! पोलिसांच्या भीतीने प्रत्येकजण म्हणे, मी आपला फलाटावर उभा होतो. उखर्डूने खरं सांगितलं, पण तो मास्तरच्याच हाताखालचा.

कुंदाला कुणी बोलावलं नव्हतं. कचेरीच्या दाराशी उखर्डूने तिला अडवलं. "बाई, आत नका जाऊ. आधीच लोकं काय काय बोलून राह्यले."

"म्हणूनच जाते, उखर्डूभाऊ."

आत टेबलामागे जाड भिंगांचे इन्स्पेक्टर, समोर खाली मान घालून रुपचंद.

"तुम्हीच का त्या बाई?" इन्स्पेक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "बरं झालं आलात. एकच विचारतो. यांना गाडी थांबवायला तुम्ही सांगितलं होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण गाठींमागच्याने आधीच सांगितलं असलं तर? मग पुढचं आपलं एकही वाक्य खरं धरलं जाणार नाही...

"हो," ती म्हणाली. "गुरुवारी. थट्टेत."

रुपचंदने डोळे मिटून घेतले.

"पण रविवारी चार पन्नासला यांनी सिग्नल दिला होता साहेब. हात खाली झुकलेला मी पाहिला. लोक रुळांवर पडले त्यानंतर. आणि हात आडवा झाला त्याच्याही नंतर. गाडी थांबवायचीच असती तर आधी सिग्नल दिला कशाला असता?"

इन्स्पेक्टरांची लेखणी थांबली. "सारं गाव गाडीकडे बघत होतं. तुम्हीच नेमक्या सिग्नलकडे का बघत होतात?"

"भीती वाटत होती."

"कशाची?"

"यांच्या नोकरीची. माझ्या बोलण्यापायी हे काही करून बसतील, याची. तीन दिवस मला दुसरं काही सुचलं नाही."

"हं. आणि गाडी थांबल्यावर? नट पाहायला गेलात?"

"नाही. मी इकडे धावत आले. कचेरीत."

"इकडे कशाला?"

भिंतीवरचं घड्याळ टकटकत होतं. कुंदाला आपल्या कानांना ऊन लागल्यासारखं वाटलं. आता मागे फिरायला वाट नव्हती. आणि तिला फिरायचंही नव्हतं.

"मला ज्याला बघायचं होतं," ती म्हणाली, "तो गाडीत नव्हता."

इन्स्पेक्टरांनी हळूच विचारलं, "हे लिहून घेऊ?"

"घ्या."

त्यांनी लिहिलं, टीपकागद दाबला, तिची सही घेतली. "निकाल भुसावळहून येईल. पण वेळा जुळताहेत. फारसं भ्यायचं कारण नाही." मग टोपी उचलून ते म्हणाले, "मी जरा तो सिग्नल पाहून येतो. लांब आहे... वेळ लागेल."

दार लोटलं गेलं. रुपचंद अजून खाली मान घालूनच होता.

"रविवारी एकदासुद्धा बघितलं नाहीत माझ्याकडे," कुंदा म्हणाली. आवाज तिला हवा तेवढा रागीट निघाला नाही.

"कसं बघणार? गुरुवारी तुम्ही मागितलंत, तेव्हा माझ्या तोंडातून 'नाही' निघालं नाही." तो म्हणाला. "रविवारी तुमच्याकडे पाहिलं असतं, तर उखर्डूला दांडा ओढ म्हणायला जमलं नसतं... याची मलाच भीती होती बाई."

बाहेर रुईचे तंतू उडत होते. कुंदा खिडकीशी गेली, परत आली.

"आता कुठली गाडी यायची आहे?"

त्याने घड्याळ पाहिलं. "पाऊण तास लाइन मोकळी शे."

"मग आता बघा," ती म्हणाली.

आणि त्याने मान वर केली.